खानावळ आणि समाजमाध्यमे : थोडा अभ्यास, थोडा अनुभव

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "सभासदांस उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा" असा विश्वस्तांचा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम शिक्षणावर लिहावयाचे योजिले होते. पण स्मरणिकांतून शिक्षणावर लिहिणारे पुष्कळ असतात. शिवाय न्यासाच्या सभासदांची यादी सहज चाळली तरी ध्यानात येते की, यांतील कितीतरी कुटुंबे या ना त्या रूपाने अन्नाच्या धंद्यात आहेत. कोणाची खानावळ आहे, कोणाची बेकरी, कोणी शुक्रवारी-रविवारी बिर्याणीची डेग उतरवितो, तर कोणाची नुसती चहाची गाडी आहे. या मंडळींची मुले हल्ली आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "सर, मोबाईलवर आमच्या हॉटेलची जाहिरात कशी करावी?"

मास्तरला धंद्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. या विषयाशी आमचा संबंध आला तो एका चुकीतून, आणि ती चूक आमचीच होती. म्हणून आधी ती सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी बेळगावात खडे बाजाराच्या मागल्या एका गल्लीत आपल्या आईसह खानावळ चालवितो. सहा मेजे, दुपारी राईसप्लेट, संध्याकाळी खिमा-पाव आणि चहा, शुक्रवार-रविवार मटण बिर्याणी. वडील २०२१ च्या साथीत गेले, तेव्हापासून भाभींनी भटारखाना आणि मुलाने गल्ला सांभाळला. पण गिऱ्हाईक हळूहळू आटत गेले. शेवटी न्यासाच्या साहाय्यनिधीतून त्यांनी चाळीस हजार रुपये बिनव्याजी उचलले आणि मुलगा सल्ल्यासाठी आमच्याकडे आला. आम्ही वर्गात मोबाईलवर धडे दाखवितो, एवढ्यावरून त्याने आम्हांस जाणकार मानले. आणि दुर्दैवाने आम्हीही स्वतःस तसेच मानले. "एका महिन्यात दहा हजार फॉलोअर आणि शंभर पंचतारांकित अभिप्राय" असे वचन देणारा एक जाहिरातवाला आमच्या ऐकण्यात होता. त्याचा पत्ता आम्हीच दिला. पंधरा हजार रुपये त्यात गेले.

फॉलोअर आले, ते अगदी दहा हजार आले. एके रात्री आम्ही त्यांची नावे वाचावयास बसलो तेव्हा उलगडा झाला. त्यांतील बहुतेक परदेशांतील होते, कित्येकांच्या लिपीही आम्हांस वाचता येईनात, कित्येकांच्या खात्यावर एक छायाचित्रही नव्हते. त्यांच्यापैकी एकही मनुष्य आयुष्यात कधी खडे बाजारात येऊन खिमा-पाव खाण्याचा संभव नव्हता. अभिप्राय आले तेही एकाच साच्याचे, "उत्तम वातावरण, उत्तम सेवा". सहा मेजांच्या खानावळीत वातावरण ते कोणते? महिन्याभरात त्यांतील बहुतेक गूगलने काढूनही टाकले. एका ताटामागे सर्व खर्च वजा जाता भाभींच्या हाती तीस रुपये उरतात असे धरले, तर पंधरा हजार म्हणजे पाचशे ताटांची कमाई होते. भाभी आम्हांस एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे चहा पुढे केला, आणि तो चहा आम्हांस फार कडू लागला.

त्यानंतर मात्र आम्ही हा विषय, बी.एड.ला धड्याची टाचणे काढीत असू तसा, वही घेऊन अभ्यासिला. त्यातून जे हाती लागले ते पुढे देत आहोत.

पहिल्या दिवशी आम्ही एवढेच केले की, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेले परगावचे गिऱ्हाईक झालो. मोबाईल काढला, "जवळची बिर्याणी" असे शोधले. भाभींच्या खानावळीचे नाव फार खाली निघाले. तरी ते दाबून नकाशा सांगेल तसे चालत गेलो, आणि पोहोचलो ते दोन गल्ल्या पलीकडे एका गोदामाच्या बंद दारापाशी! नकाशावरील खूण कोणी कधी लावली कोण जाणे, ती चुकीच्या जागी होती. फोन लावला तर तो कैलासवासी वडिलांचा, केव्हाच बंद पडलेला क्रमांक. वेळांच्या रकान्यात काहीच नव्हते. पंधरा हजार रुपये खर्चून आम्ही दहा हजार परक्यांना ज्या खानावळीचे नाव ऐकविले, तिथे शेजारच्या वस्तीतला मनुष्यही पोहोचू शकत नव्हता.

तेव्हा कामाची सुरुवात नकाशापासून करावी. गूगलवर प्रत्येक धंद्याची एक नोंद असते. तिला २०१४ पासून 'गूगल माय बिझनेस' म्हणत, २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. ही नोंद विनामूल्य आहे. नोंद कोणीही सुचवू शकतो; पण तिच्यावर मालकी सांगून, दुकानाची चित्रफीत किंवा फोन अशा मार्गाने पडताळणी करून घेतली म्हणजे ती आपल्या ताब्यात येते. नोंद कोणती आधी दाखवावयाची हे ठरविताना तीन गोष्टी पाहिल्या जातात असे गूगलच सांगते : शोधणाऱ्याने जे मागितले त्याच्याशी दुकानाचा मेळ किती, ते त्याच्यापासून किती अंतरावर, आणि ते किती प्रसिद्ध. यांपैकी अंतर आपल्या हाती नाही, प्रसिद्धी हळूहळू येते. मेळ मात्र आजच्या आज दुरुस्त होतो. भाभींची नोंद 'दुकान' या मोघम वर्गात होती. ती 'बिर्याणी उपाहारगृह' अशी केली, पदार्थांची यादी किमतींसह भरली, खूण दारावर आणून ठेवली. या कामास एक दुपार लागली, पैसा एकही लागला नाही.

नावाबद्दल थोडे अधिक सांगावयास हवे, कारण आपल्या सीमाभागात ही अडचण सर्वांची आहे. पाटीवर कन्नड नाव, बिलावर इंग्रजी, लोकांच्या तोंडी मराठी, आणि जुनी गिऱ्हाइके मालकाच्या नावाने ओळखणार. इंग्रजी अक्षरांत तेच नाव तीन प्रकारांनी लिहिलेले आम्ही एकाच दुकानात पाहिले. मोबाईलला हे कळत नाही. त्यास ती तीन दुकाने वाटतात. तेव्हा पाटी, बिल, अन्नपरवाना आणि नकाशा यांवर इंग्रजी अक्षरे एकाच तऱ्हेने असावीत. खालच्या माहितीत मात्र मराठी, कन्नड, उर्दू यांत दोन-दोन ओळी अवश्य लिहाव्यात; ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचले की पाऊल सहज वळते. तेथेच खाण्याविषयी जे खरे असेल तेही साफ लिहावे. मांस हलाल असेल तर तसे, शाकाहारी स्वयंपाकाची भांडी आणि शेगडी वेगळी असतील तर तसे, आणि वेगळी नसतील तर "वेगळी आहेत" असे लिहू नये. आपल्या गावात सर्व धर्मांची माणसे एका बाकावर बसून जेवतात ती अशाच भरवशावर.

वेळांचा रकाना लोक भरतात आणि विसरतात. शुक्रवारी नमाजाच्या वेळी तासभर दार बंद असेल तर तेवढी फट नोंदीत दाखवावी. रमजानात तर सारेच उलटते, दिवसा बंद आणि इफ्तारपासून पुढे रात्रभर गजबज. शिवाय हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा चालत नाहीत. सणासुदीच्या खास वेळा लिहिण्याची सोय नोंदीत आहे. आणखी एक सावधगिरी घ्यावी. नोंदीत बदल कोणीही सुचवू शकतो, तेव्हा महिन्यातून एकदा ती आपणच परक्याच्या मोबाईलवरून पाहावी. आमच्या ओळखीच्या एका बेकरीवर "कायमची बंद" असा शिक्का कित्येक आठवडे होता आणि मालकास पत्ताच नव्हता!

आता समाजमाध्यमे. त्यांचा उपाहारगृहास खरा उपयोग कोणता, हे अमेरिकेतील एका गाडीच्या उदाहरणावरून चांगले कळते. लॉस एंजेलिस शहरात २००८ च्या नोव्हेंबरात 'कोगी' नावाची खाद्यगाडी निघाली. रॉय चोई हा तिचा आचारी. कोरियन पद्धतीचे भाजलेले मांस मेक्सिकन टाकोत घालून विकावयाचे, अशी कल्पना. गाडी फिरती असल्यामुळे आज ती कोठे उभी आहे हे लोकांस कसे कळावे? त्यांनी ट्विटरवर (२०२३ पासून त्यास एक्स म्हणतात) रोज ठिकाण आणि वेळ कळविण्यास आरंभ केला. थोड्याच महिन्यांत जेथे गाडी जाईल तेथे रांगा लागू लागल्या. आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या संदेशांत बढाई नव्हती, कामाची बातमी होती. अमुक वाजता अमुक चौकात, एवढेच. भुकेल्या माणसास याहून अधिक काय पाहिजे?

आपली खानावळ फिरती नसली तरी तिचीही रोजची बातमी असते. आज मासळी कोणती आली, बिर्याणी किती वाजता उतरणार, आज मांडे आहेत की नाहीत. ही बातमी देण्यास आम्हांस सर्वांत सोयीचे आढळले ते व्हॉट्सॲप, आणि त्यातही धंद्यासाठी २०१८ साली निघालेले त्याचे वेगळे ॲप. त्यात पदार्थांची सूची ठेवता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात, बंद वेळेत आपोआप निरोप जातो. एकाच वेळी अनेकांस संदेश पाठविण्याची जी यादी असते तिचा एक नियम मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये साठविला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून गिऱ्हाइकाचा क्रमांक घेऊन भागत नाही. आपला क्रमांक त्याने लिहून घ्यावा अशी विनंती करावी लागते. भाभींच्या मुलाने गल्ल्यापाशी एक पुठ्ठा लावला, "बिर्याणीची वेळ रोज कळविण्यासाठी हा क्रमांक साठवा व 'हो' असे पाठवा." दोन महिन्यांत एकशे चाळीस जणांनी 'हो' पाठविले. दहा हजारांपुढे ही संख्या हास्यास्पद दिसेल, पण ही एकशे चाळीस माणसे चालत येण्याच्या अंतरावर राहतात. दिवसाला एकच संदेश पाठवावा, तोही जेवणाच्या दोन तास आधी. सकाळी उठून "सुप्रभात"ची फुले पाठविणाऱ्यांस लोक बंद करतात, व ते योग्यच आहे.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. दिवसा खिडकीपाशी ताट ठेवून काढलेले चित्र हे ट्यूबलाईटखालच्या चित्राहून शतपटीने बरे येते. जेवढे वाढता तेवढेच चित्रात दाखवा. चित्रात चार तुकडे आणि ताटात दोन, असे झाले की तोच मनुष्य अभिप्राय लिहितो. इन्स्टाग्रामवर छोट्या उभ्या चित्रफितींना 'रील' म्हणतात. हिंदुस्थानात त्या २०२० च्या जुलैत आल्या, टिकटॉकवर बंदी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात. फितीत मालकाचे भाषण नको, काम दाखवावे. डेगेचे झाकण निघते तेव्हाची वाफ, तंदुरातून निघणारी रोटी, कुंद्याचा दूध आटून पालटणारा रंग, हे लोक मन लावून पाहतात. जेवणाऱ्यांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाभींनी तर कौटुंबिक बैठकीच्या बाजूस मोबाईल नेण्यासच मनाई केली आहे, आणि त्यामुळे तिथे येणाऱ्या बायकामंडळींची संख्या वाढली असे आमचे निरीक्षण आहे.

अभिप्रायांचा भाग सर्वांत नाजूक, तेव्हा तेथे थोडे थांबू. हार्वर्डच्या व्यवसायशाळेतील मायकेल लुका यांनी सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ साली असे मांडले की, 'येल्प' या अभिप्रायस्थळावर एक तारा वाढला तर उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते. पण हा परिणाम त्यांना स्वतंत्र, एकट्या दुकानांत आढळला. साखळी उपाहारगृहांत आढळला नाही. कारण उघड आहे. साखळीचे नाव लोकांस आधीच माहीत असते, गल्लीतल्या खानावळीचे नसते. म्हणजे तारा हा मोठ्यांपेक्षा आपणा लहानांस अधिक तारतो आणि अधिक मारतो.

येथे आम्ही मुलाकडून एक उदाहरण सोडवून घेतले. वीस अभिप्राय आहेत व सरासरी ४.५ आहे, म्हणजे एकूण तारे नव्वद. एक मनुष्य रागावून एक तारा देऊन गेला. आता एकवीस अभिप्राय, एक्याण्णव तारे, सरासरी ४.३३. तेच दोनशे अभिप्राय असते तर? एकूण तारे नऊशे, एक मिळविला की नऊशे एक, भागिले दोनशे एक, सरासरी ४.४८. राग तोच, माणूस तोच. पण पहिल्या ठिकाणी खड्डा पडला, दुसऱ्या ठिकाणी ओरखडा. तेव्हा जेवून तृप्त झालेल्या माणसास "जमल्यास दोन शब्द लिहा" असे म्हणण्यात लाज वाटू देऊ नये. मात्र त्याबद्दल चहा फुकट, गुलाबजाम फुकट असे काही देऊ नये. मोबदला देऊन अभिप्राय घेणे, नोकरांकडून लिहविणे, केवळ खूष दिसणाऱ्यांनाच निवडून विचारणे, हे गूगलच्या नियमांत बसत नाही.

मग विकत घेतलेले अभिप्राय इतके चालतात कसे, अशी शंका मुलाने काढली. त्याला आम्ही लंडनची गोष्ट सांगितली. ऊबा बटलर नावाचा एक तरुण पत्रकार पूर्वी पैसे घेऊन उपाहारगृहांचे खोटे अभिप्राय लिहीत असे. २०१७ साली त्याने डलिच भागातील आपल्या राहत्या शेडलाच 'ट्रिपॲडव्हायझर' या स्थळावर उपाहारगृह म्हणून नोंदविले. तेथे ना आचारी होता, ना चूल. पदार्थांची छायाचित्रे त्याने दाढीचा फेस आणि रंग वापरून तयार केली. एकात तर चक्क स्वतःचा पाय ताटलीत मांडला होता! मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहविले, आणि फोन येई त्याला "जागा नाही" म्हणून सांगितले. सुमारे सहा महिन्यांत, लंडनच्या अठरा हजारांहून अधिक उपाहारगृहांत या शेडचा पहिला क्रमांक लागला. शेवटी एका रात्री त्याने काही लोकांस बोलावून बाजारातील तयार जेवण गरम करून वाढले. हे ऐकून मुलगा खूप हसला, मग म्हणाला, "म्हणजे सर, खोटे चालते तर!" आम्ही म्हणालो, चालते, ज्याला उद्या दुकान उघडावयाचे नाही त्याचे. बटलरला एक रात्र काढावयाची होती, तुला वीस वर्षे काढावयाची आहेत.

शिवाय आता कायदाही पाहिला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे किंवा अन्य लाभ घेऊन शिफारस करणाऱ्याने तो संबंध उघड करावयाचा असतो. गावोगाव फिरून फुकट जेवून फिती काढणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांनाही हे लागू आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाईन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक काढले, ते ऐच्छिक म्हणून. आणि अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे सक्तीचे आहे; तो नोंदीत आणि सूचीवरही टाकला तर नव्या माणसाचा विश्वास बसतो.

वाईट अभिप्रायाचे उत्तर कसे द्यावे? एका गिऱ्हाइकाने लिहिले होते, "रविवारी मटण कच्चे होते." मुलाने तडकाफडकी उत्तर खरडले, "तुम्ही आमच्याकडे आलाच नाहीत, तुम्हांस शेजारच्याने पाठविले." आम्ही ते पाठवू दिले नाही. भाभींना विचारले. त्या पदर सावरीत म्हणाल्या, "त्या दिवशी दुसरी डेग घाईने उतरविली, सर. तो खरे बोलतो." तेव्हा उत्तर असे गेले : "रविवारी दुसरी डेग आम्ही घाईने उतरविली, मटण शिजावयास कमी पडले. चूक आमची. आता दुसरी डेग अर्धा तास आधी चढवितो. आपण आलात तर आनंद होईल." पाहुणचाराचे आमिष दाखविले नाही, कारण वाईट अभिप्राय बदलून घेण्यासाठी काही देणे हेही नियमाविरुद्ध आहे. तो गृहस्थ परत आला की नाही हे कळण्यास मार्ग नाही. पण त्यानंतर दोघा-तिघांनी जेवताना त्या उत्तराचा उल्लेख केला. उत्तर तक्रार करणारा एकदा वाचतो, येऊ पाहणारे शंभर वाचतात.

सर्वांच्या मनात एक स्वप्न असते की, आपली एखादी फीत एकाएकी देशभर पसरावी. दिल्लीच्या मालवीय नगरातील 'बाबा का ढाबा' हे नाव अनेकांस आठवत असेल. २०२० च्या ऑक्टोबरात कांता प्रसाद या वृद्ध गृहस्थांची रिकामी टपरी दाखविणारी फीत पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तेथे माणसांची रीघ लागली. देणग्याही आल्या, त्यांच्या हिशेबावरून तक्रार, मनस्ताप झाला आणि पुढे समेटही झाला. आमचा मुद्दा त्यानंतरचा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी मोठे उपाहारगृह थाटले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ते बंद करून पुन्हा टपरीवर आले. महिन्याचा खर्च सुमारे लाखभर आणि विक्री चाळीस हजारांच्या वर जात नव्हती, असे त्यांनीच वृत्तपत्रांस सांगितले. फितीने आलेली गर्दी पाहावयास आलेली होती. जेवावयास रोज येणारी माणसे वेगळी असतात. भाडे आणि पगार मात्र रोज जेवणाऱ्यांच्याच पैशांतून जातात.

पैसे भरून केलेल्या जाहिरातीस आमचा सरसकट विरोध नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर दुकानाभोवती चार-पाच किलोमीटरचे वर्तुळ आखून तेवढ्यांनाच जाहिरात दाखविता येते, आणि दिवसाचा खर्चही बांधता येतो. पण आधी वही उघडावी. समजा, पंधराशे रुपये घातले व पंचवीस नवी माणसे आली. म्हणजे माणशी साठ रुपये पडले. ताटामागे तीस रुपये सुटतात. तर तो मनुष्य दोनदा जेवला तेव्हा बरोबरी झाली, तिसऱ्या वेळेपासून नफा. तिसऱ्यांदा तो येईल की नाही हे भटारखान्यात ठरते, मोबाईलवर नाही. नवे माणूस कोठून आले हे कळावे म्हणून मुलगा बिल करताना "आमचे नाव कोठे पाहिलेत?" एवढे विचारतो आणि वहीत एक रेघ ओढतो. गेल्या तीन महिन्यांत नकाशाच्या रकान्यात सर्वांत अधिक रेघा आहेत, खालोखाल व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिसरे. घरपोच जेवण नेणाऱ्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे; त्या ताटामागे घेतात तो वाटा आपल्या तीस रुपयांत बसतो का, एवढे गणित करूनच त्यांच्याकडे जावे.

चमत्कार झाला असे आम्ही म्हणणार नाही. दिवसाला बारा-पंधरा ताटे वाढली आहेत. सहा मेजांना तेवढे पुष्कळ होते. न्यासाचे कर्ज अजून फिटावयाचे आहे. हप्ते मात्र वेळेवर जात आहेत, आणि आम्ही सुचविलेल्या जाहिरातवाल्यापायी गेलेल्या पंधरा हजारांतील काही भार आमच्याकडून घ्यावा ही आमची विनंती भाभी अद्याप मान्य करीत नाहीत.

त्यांनी एका गोष्टीस मात्र फार दिवस विरोध केला. बिर्याणी संपली की "आज संपली" असा संदेश सर्वांस पाठवावा, असे मुलाचे म्हणणे होते. "आपल्या हाताने गिऱ्हाईक परत पाठवावयाचे का?" असे त्या विचारीत. एका रविवारी दीड वाजताच डेग रिकामी झाली, आणि कॅम्पातून दोन मुलांना घेऊन उन्हात चालत आलेले एक कुटुंब दारातून परत गेले. त्या संध्याकाळी भाभींनी स्वतः मुलास सांगितले, "उद्यापासून कळवीत जा." आता शुक्रवारी दोन-सव्वादोनला आमच्याही मोबाईलवर तो संदेश येतो : "आज संपली. रविवारी साडेबाराला उतरेल." आणि रविवारी बारा वाजल्यापासून गल्लीत माणसे उभी असतात.